अनेकवचनात बोला!

मित्रांनो, सर्वात प्रथम एक कबुली देतो. मी कॉन्व्हेंटचा. आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत मराठी बोललं की दोन रुपये दंड होता आणि दहावीपर्यंत माझे बरेच रुपये त्यात गेले. त्यामुळे मराठी विभागाच्या संपादकांनी "तू आमच्यासाठी लिही" म्हटल्यावर मला चक्क घाम फुटला. तरीही लिहितोय. कारण विषय इंग्रजीचा आहे, आणि ज्यांच्यासाठी लिहायचंय ते सगळे अंकाची पुढची इंग्रजी पानं न बघता थेट इकडे येतात!

आता मूळ मुद्दा. आपल्या हॉस्टेलवर दोन जाती आहेत. एक, ज्यांना इंग्रजी येतं. दुसरी, ज्यांना येत नाही असं त्यांना वाटतं. पहिली जात मेसमध्ये मोठ्याने बोलते. दुसरी जात सेमिनारच्या दिवशी आजारी पडते, ओरलला शेवटचा रोल नंबर मागते आणि कॅम्पसच्या ग्रुप डिस्कशनमध्ये फक्त मान हलवते. झाकली मूठ सव्वा लाखाची! पण मूठ झाकून ठेवली तर मार्क कोण देणार?

माझा रूम पार्टनर या दुसऱ्या जातीतला. त्याचं नाव इथे देत नाही, कारण तो हे वाचणार आहे (वाचणार काय, त्यानेच तपासलंय). गाव मराठवाड्यातलं, शाळा जिल्हा परिषदेची. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं, त्यामुळे कागदोपत्री तोही पहिलीपासून इंग्रजी शिकलाय. प्रत्यक्षात दहा वर्षं धडा वाचून त्याचा मराठी अर्थ लिहून घेतला. इंग्रजी वाक्य स्वतःच्या तोंडाने बोलायची वेळच कधी आली नाही.

गेल्या सेमिस्टरला आमची मटेरियलची ओरल होती. आदल्या रात्री मी पूर्ण ब्लँक होतो. कास्ट आयर्न अचानक का तुटतं, माइल्ड स्टील आधी का वाकतं, काही कळत नव्हतं. रात्री एक वाजता पार्टनरने मला समजावलं. म्हणाला, "कडक झालेली भाकरी बघितलीस का? तिच्यात आधीच चिरा असतात. वाकवायला गेलं की तिथनंच मोडते. ग्रे कास्ट आयर्नमध्ये ग्राफाइटचे पापुद्रे असतात, त्याच त्या चिरा. भेग तिथून सुरू होते आणि सरळ पळत सुटते." बस! दोन मिनिटांत डोक्यात बसलं.

दुसऱ्या दिवशी एक्स्टर्नलनी आम्हा दोघांना नेमका तोच प्रश्न विचारला. मी भाकरीचं उत्तर इंग्रजीत फडाफडा सांगितलं. पार्टनर उभा राहिला आणि म्हणाला, "सर, कास्ट आयर्न... सर... ब्रेक... सर, ग्राफाइट..." आणि थांबला. सर म्हणाले, "नेक्स्ट."

मला पंचवीसपैकी एकवीस मिळाले. त्याला अकरा.

आणि बाहेर आल्यावर मी काय केलं? चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर त्याची नक्कल केली. "सर, ब्रेक, सर!" सगळे हसले. तोही हसला. त्या रात्री तो मेसला आला नाही. ज्याचं उत्तर चोरून मी एकवीस मार्क घेतले, त्यालाच मी हसलो. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात, ते माझ्यासारख्यांसाठीच असावं.

तिसऱ्या दिवशी मी सॉरी म्हणालो. तो म्हणाला, "सॉरी राहू दे. मला इंग्रजी शिकव. पण हसायचं नाही."

मी जोशात हो म्हटलं आणि पहिल्याच दिवशी माझी विकेट पडली. त्याने विचारलं, "'बोल्ट ब्रेक्स' म्हणायचं आणि 'बोल्ट्स ब्रेक' म्हणायचं. मग हा 'स' कधी इकडे, कधी तिकडे का?" मला उत्तर येईना. मी म्हणालो, "अरे, तसंच बरोबर वाटतं." तो म्हणाला, "तुला वाटतं रे, मला कसं वाटणार?" खरं सांगू का? आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना इंग्रजी येतं, पण ते कसं चालतं हे माहीत नसतं. गाडी चालवता येते, बॉनेट उघडता येत नाही. शेवटी मी घरून रेन आणि मार्टिनचं ग्रामर आणलं आणि आम्ही दोघं मिळून बॉनेट उघडलं.

आत काय निघालं? फार काही नाही! हेच मला आज सांगायचंय.

आपल्याला फाउंड्री शॉपमध्ये पॅटर्न दाखवतात. पॅटर्न एकच असतो, त्यावरून कितीही कास्टिंग काढा. इंग्रजी वाक्यांचंही तसंच आहे. आपल्या कामाच्या इंग्रजीचे ठरावीक पाच-सहा पॅटर्न आहेत. वर्कशॉपचीच उदाहरणं घ्या.

एक, कोण आणि काय करतं. 'बोल्ट्स ब्रेक.' बोल्ट तुटतात. दोन शब्द, वाक्य पूर्ण.

दोन, कोण आणि कसं आहे. 'बेअरिंग्ज आर हॉट.' बेअरिंगं गरम आहेत. इथे 'आर' म्हणजे दोन पाइपांना जोडणारं कपलिंग, त्याला स्वतःचा वेगळा अर्थ नाही. 'आर' काढून 'बिकम' घाला, 'बेअरिंग्ज बिकम हॉट', म्हणजे गरम होतात.

तीन, कोण, काय करतं आणि कशाला. 'बेअरिंग्ज रिड्यूस फ्रिक्शन.'

चार, कोण, देतं, कोणाला, काय. 'गेजेस गिव्ह अस रीडिंग्ज.'

पाच, कोण, करतं, कशाला, कसं. 'ब्लंट टूल्स मेक सरफेसेस रफ.' बोथट टूल पृष्ठभाग खडबडीत करतात.

आणि सहावा, काहीतरी आहे एवढंच सांगायचं असेल तर. 'देअर आर क्रॅक्स.' भेगा आहेत.

संपलं! आपल्या पुस्तकातलं कुठलंही लांबलचक वाक्य घ्या, त्याची शेपटं-पिसं काढा, आत बहुतेक वेळा यातलाच एखादा सांगाडा सापडतो. ए. एस. हॉर्नबी नावाच्या इंग्रज शिक्षकाने १९५४ साली इंग्रजी क्रियापदांचे पॅटर्न पुस्तकरूपात मांडले, ते पंचवीस निघाले. म्हणजे अख्ख्या भाषेचे पंचवीस! आपल्या एका विषयात याहून जास्त फॉर्म्युले असतात आणि ते आपण एका रात्रीत पाठ करतो.

मग गाडी अडते कुठे? शब्दांवर तर नाहीच. आपण दिवसभर काय बोलतो ते ऐका. "लोड अप्लाय कर", "वायर कनेक्ट कर", "फ्रिक्शन रिड्यूस होतं". सगळी इंग्रजी क्रियापदं पार्टनरला तोंडपाठ आहेत. अडते ती जागेवर. मराठीत क्रियापद शेवटी येतं, 'बेअरिंग घर्षण कमी करतं'. इंग्रजीत ते मध्ये घुसतं. मराठी डोकं आधी बेअरिंग म्हणतं, मग फ्रिक्शन म्हणतं, आणि तोवर क्रियापदाची जागा निघून गेलेली असते! मग माणूस "सर... सर..." करत थांबतो. हा मठ्ठपणा नव्हे, हा फक्त चुकीचा गिअर आहे.

आता माझ्या पार्टनरने लावलेला शोध सांगतो. हा त्याचा शोध, माझा नव्हे. आम्ही दहा-बारा दिवस वाक्यं पाडत होतो. एक दिवस तो वही बघून म्हणाला, "थांब. अनेकवचनात बोललं की सुरुवातीला 'अ', 'ॲन', 'द' काहीच लागत नाही. आणि क्रियापदाला 'स'सुद्धा लागत नाही. म्हणजे सर्वसाधारण नियम सांगायचा असेल तर एकवचनात बोलायचंच कशाला?"

मी बघतच राहिलो! 'अ बोल्ट ब्रेक्स' म्हणायला दोन ठिकाणी सांभाळावं लागतं, पुढे 'अ' आणि मागे 'स'. 'बोल्ट्स ब्रेक' म्हणायला एकच, नामाचा 'स'. नाम आणि क्रियापद यांच्यात 'स' एकच असतो, रूमवरच्या एकुलत्या एका बादलीसारखा. नामाने नेली की क्रियापदाला मिळत नाही.

आणि पुढे विशेषण लावा. विशेषणाला तर इंग्रजीत काहीच होत नाही. मराठीत बघा, चांगला, चांगली, चांगलं, चांगले, चांगल्या, चांगली! इंग्रजीत सगळीकडे फक्त 'गुड'. म्हणजे मराठी बोलणारा मुलगा लहानपणापासून सहा गिअरची गाडी चालवतोय आणि एका गिअरच्या गाडीला घाबरतोय.

तर आमचा फॉर्म्युला असा तयार झाला. विशेषण, अनेकवचनी नाम, क्रियापद. 'ब्रिटल मेटल्स ब्रेक.' 'हॉट मेटल्स एक्स्पांड.' 'ब्लंट टूल्स स्लिप.' 'लूज बोल्ट्स फॉल.' 'वॉर्न बेअरिंग्ज मेक नॉइज.' तीन-चार शब्द, ग्रामर चोख, आणि विषयाचा गाभा त्यात आला. ओरलला 'सर... सर...' करत बसण्यापेक्षा अशी तीन वाक्यं बोललात की परीक्षकाला कळतं, पोराला विषय येतो.

अर्थात प्रत्येक फॉर्म्युल्याला मर्यादा असतात, तशा यालाही आहेत. जे मोजता येत नाही त्याचं अनेकवचन होत नाही. स्टील, हीट, फ्रिक्शन, इन्फॉर्मेशन, इक्विपमेंट, फर्निचर. आपण लॅबमध्ये बिनधास्त 'इक्विपमेंट्स' म्हणतो, ते चूक आहे (मी स्वतः म्हणत होतो!). इथे नामाला 'स' नाही, म्हणून तो क्रियापदाकडे जातो. 'फ्रिक्शन प्रोड्यूसेस हीट.' काही नामं 'स' न लावताच अनेकवचनी होतात, 'टूथ'चं 'टीथ'. 'गिअर टीथ वेअर', गिअरचे दाते झिजतात. आणि समोरच्या टेबलावरच्या एकाच नमुन्याबद्दल बोलायचं असेल तर 'द' आलंच. पण हे सगळं नंतरचं. आधी तोंड तर उघडू दे!

आता काही जण म्हणतील, असं तुटक इंग्रजी बोलायचं म्हणजे हसं करून घ्यायचं. इंग्रजी कसं भारदस्त पाहिजे! त्यांना दोन गोष्टी सांगतो. १९३० साली सी. के. ऑग्डन या इंग्रज विद्वानाने 'बेसिक इंग्लिश' नावाची छोटी इंग्रजी मांडली. एकूण शब्द ८५०. त्यात सहाशे वस्तूंची वगैरे नावं, दीडशे विशेषणं आणि बाकीचे शंभर कामचलाऊ शब्द. या शंभरात क्रियापदं किती? फक्त अठरा! दुसरी गोष्ट आपल्या लाइनमधली. विमानांच्या मेंटेनन्सची मॅन्युअलं लिहायला 'सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश' नावाचं एक आंतरराष्ट्रीय स्पेसिफिकेशन आहे. त्यात ठरवून दिलेले सोपे शब्द वापरायचे, आणि काम कसं करायचं हे सांगणारं वाक्य वीस शब्दांपेक्षा लांब करायचं नाही असा नियम आहे. का? कारण जगभरचे मेकॅनिक ते वाचतात, त्यातल्या अनेकांची मातृभाषा इंग्रजी नाही, आणि वाक्य समजायला चुकलं तर विमानाचं काय होईल ते सांगायला नको. म्हणजे जिथे जीव टांगणीला असतो तिथे इंजिनिअर लोक मुद्दाम सोपं इंग्रजी लिहितात. आणि आपण सेमिनारला डिक्शनरीतून अवघड शब्द शोधतो. काय म्हणावं!

आणखी एक गंमत. आपण दर सेमिस्टरला जर्नल लिहितो (लिहितो म्हणजे कॉपी करतो, सरांनाही माहीत आहे). 'द रीडिंग्ज वेअर टेकन', 'द स्पेसिमेन वॉज फिक्स्ड'. एक असेल तर 'वॉज', अनेक असतील तर 'वेअर'. चार सेमिस्टर धरून पार्टनरने अशी शेकडो वाक्यं स्वतःच्या हाताने लिहिली आहेत. हाताला पॅटर्न पाठ आहे, जिभेला नाही. आम्ही आता सबमिशनच्या वेळी प्रत्येक वाक्य लिहिताना एकदा मोठ्याने म्हणतो. शेजारच्या रूमवाले वैतागतात, पण फी शून्य! बाहेर स्पोकन इंग्लिशच्या क्लासला पोरं हजारो रुपये देतात, तिथे 'हाऊ डू यू डू' शिकतात आणि ओरलला पुन्हा गप्प.

"पण कॅम्पसला मेटल्स थोडेच विचारणार?" असं एकाने विचारलं. बरोबर आहे. म्हणून मागच्या महिन्यात आम्ही मेसनंतर एक खोटं खोटं ग्रुप डिस्कशन ठेवलं. विषय होता पाणी. आम्ही इंग्रजीवाले नेहमीप्रमाणे 'ॲक्चुअली', 'बेसिकली' करत बसलो. मग पार्टनर बोलला. 'बिग डॅम्स नीड बिग रिव्हर्स. स्मॉल फार्मर्स नीड स्मॉल टँक्स. ड्राय विहिरीज...' इथे सगळे हसले, तोही हसला आणि म्हणाला, "सॉरी, ड्राय वेल्स. ड्राय वेल्स मेक व्हिलेजेस एम्प्टी." रूममध्ये एकदम शांतता झाली. त्याच्या गावच्या किती जणांनी गाव सोडलंय ते त्याने मला आधी सांगितलं होतं. पाच शब्दांच्या वाक्यात ते सगळं आलं. आमच्या अर्ध्या तासाच्या 'बेसिकली'त काहीच आलं नव्हतं.

थोडक्यात काय, तर मला तीन लोकांना तीन गोष्टी सांगायच्या आहेत.

माझ्या कॉन्व्हेंटवाल्या मित्रांनो, आपल्याला इंग्रजी आलं ते हुशारीने नाही. आई-बाबांनी फी भरली म्हणून आलं. त्याचा माज कसला? दिवसातला अर्धा तास कोणालातरी द्या. आणि चूक झाली तर हसू नका, नुसतं बरोबर वाक्य म्हणून दाखवा. त्या एका हसण्याने माणूस पुढचं सेमिस्टर तोंड उघडत नाही, हे मी करून बसलोय.

मराठी माध्यमाच्या मित्रांनो, तुम्हाला वाटतं तेवढं काही बाकी राहिलेलं नाही. नामं तुमच्याकडे आहेत, क्रियापदं आहेत, विषय तर आमच्यापेक्षा जास्त आहे. आधीच्या पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवरून वाक्यं पाडत इंग्रजी शिकल्या, तेसुद्धा पॅटर्नच होते. छोटं बोला, अनेकवचनात बोला, पण बोला.

आणि आदरणीय सर आणि मॅडम, तुम्हाला सांगण्याइतका मी मोठा नाही, म्हणून विनंती करतो. पेपर इंग्रजीत, नोकरी इंग्रजीत, हे मान्य. इंग्रजी नको असं माझं म्हणणं मुळीच नाही. पण २०२१ साली एआयसीटीईनेच मराठीसह भारतीय भाषांमधून इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली. म्हणजे भाकरीच्या चिरांवरून कास्ट आयर्न समजणं हे काही कमी दर्जाचं समजणं नव्हे. फाउंड्रीत तुम्हीच शिकवता की धातू थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्न थोडा मोठा करा, श्रिंकेज अलाउन्स द्या. ओरलमध्ये घाबरलेला मुलगाही थोडा आकसतो. त्याला तेवढा अलाउन्स द्या. 'नेक्स्ट' म्हणायच्या आधी एकदा म्हणा, "मराठीत सांग, मग तेच इंग्रजीत सांगायचा प्रयत्न कर." आपले काही सर असं करतात. त्यांच्या ओरलला मुलं आजारी पडत नाहीत, हे तुम्हीही पाहिलं असेल.

असो. शेवटी हिशोब. हा लेख मी पार्टनरला तपासायला दिला तेव्हा त्यात तांबड्या पेनाच्या एवढ्या खुणा झाल्या की मला माझ्या शाळेतल्या मराठीच्या बाई आठवल्या. टपरीचा प्रसंग लिहिताना मी शेवटी लिहिलं होतं, 'माझा चूक होता.' त्याने खोडून वर लिहिलं, 'माझी चूक होती.' आणि म्हणाला, "चूक तुझीच, आणि ती पण स्त्रीलिंगी." या वेळी हसायचा चान्स त्याचा होता. हसला नाही!

रोज रात्री मेस झाल्यावर नऊ ते साडेनऊ, दुसऱ्या मजल्यावर, पाण्याच्या कूलरसमोरची आमची रूम उघडी असते. सध्या सात जण येतात. पुस्तक आणू नका. खुर्च्या दोनच आहेत, तेव्हा बसायला आपापली बादली आणा. इंग्रजी शिकायला या, नाहीतर मला मराठी शिकवायला या. आणि कोणी चुकलं तर? एकच नियम आहे, तो दारावर पार्टनरने स्वतःच्या हाताने लिहून लावलाय. विशेषण, अनेकवचनी नाम, क्रियापद.

'गुड फ्रेंड्स लिसन.'